व्हिडिओ खेळांतील संगीत

भद्रावतीहून पूर्वेस, झाडीपट्टींत, दिवाळीनंतर ज्यांनीं रात्रभर नाटक पाहिलें असेल, त्यांस साथीदाराचें कौशल्य निराळें सांगावयास नको. रंगमंचावर झुंज जुंपली कीं तबल्याची लय वाढते. नटानें प्रवेश लांबविला तर साथही लांबते. मारधाडीच्या व्हिडिओ खेळांतील संगीतास हेंच साधावें लागतें. मात्र येथें नट म्हणजे खेळणारा स्वतःच, आणि तो केव्हां काय करील हें संगीतकारास आधीं ठाऊक नसतें!

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळांत अवघे चार उतरते स्वर होते. शत्रु घटत तसतसे ते जलद होत, आणि खेळणाराची छाती धडधडूं लागे. पुढें १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' चित्रांसह ४० किलोबाइटांत बसविला गेला. त्यासाठीं कोजी कोंदो यांनीं लहान चाली रचिल्या. त्या पुनःपुन्हां वाजत, आणि वेळ संपत आली कीं तीच चाल घाईनें वाजूं लागे. ही अडचणच आमच्या मतें उपकारक ठरली, कारण चाल आपोआप कंठस्थ झाली.

अशी चाल उत्तरभागांत फार उपयोगी पडते. कोंदो यांचीच १९८६ च्या 'लेजंड ऑफ झेल्डा'ची चाल १९९१ च्या भागांत अधिक भरदार नादांत परत आली. चित्रें पालटलीं होतीं. तरी जुन्या खेळाडूस तो प्रदेश ओळखीचा वाटला.

सूर देशांच्या सीमा मानीत नाहींत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी' (२०२०) या खेळाचें संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानें रचिलें. त्यांत बहीण हरवलेल्या भावास शोधीत राक्षसांशीं झुंजते, आणि सोबतीस भारतीय वाद्यें ऐकूं येतात.