वस्तू शहराच्या, खर्च कुणाचा?

1865 च्या जुलैत मुंबईचा शेअर बाजार कोसळला तेव्हा भायखळ्याच्या बागेत एका संग्रहालयाचं बांधकाम चालू होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव उतरले आणि कालपर्यंत लाखांच्या देणग्या जाहीर करणाऱ्या पेढ्या रातोरात बुडाल्या. संग्रहालयाच्या समितीतले डेव्हिड ससून आदल्याच वर्षी गेले होते. जगन्नाथ शंकरशेठ त्याच महिन्याच्या अखेरीस गेले. डॉ. भाऊ दाजी लाड तेवढे मागे राहिले. 19 नोव्हेंबर 1862 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केलेली ती वास्तू लोकांसाठी उघडली 2 मे 1872 ला. वर्गणीवर सुरू झालेलं काम पुरं करायला शेवटी सरकारी तिजोरीचा आधार घ्यावा लागला.

आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था म्हणजे मुंबई या शहराचं स्वतःचं संग्रहालय. इथे मुंबईचे जुने नकाशे आहेत, जहाजांचे नमुने आहेत, या शहरात राहणाऱ्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिलं तो दगडी हत्ती बाहेरच्या आवारात उभा आहे. इमारत, वस्तू आणि मुंबईचा इतिहास यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला या संस्थेच्या जमाखर्चाबद्दल आणि कारभाराबद्दल लिहायचं आहे, आणि ते जालना जिल्ह्यातल्या वाचकाला समोर ठेवून लिहायचं आहे. जालन्यासारख्या शहरात संग्रहालयाचा विषय निघाला की बोलणं लगेच जागेवर जातं. कुठली जुनी वास्तू मिळेल, कोनशिला कुणाच्या हस्ते बसवायची. पहारेकऱ्याचा पगार पाचव्या वर्षी कोण देणार, हा प्रश्न त्या बैठकीत येत नाही. संग्रहालयं मरतात ती मात्र याच प्रश्नापाशी.

भायखळ्याच्या संग्रहालयाला हा धडा जन्माआधीच मिळाला होता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या गेल्या, त्यातून फोर्टमधल्या टाउन बॅरॅक्समध्ये एक सरकारी संग्रह उभा राहिला. 1857 चा उठाव झाला, लष्कराला बॅरॅक्स परत हव्या झाल्या आणि वस्तू बाहेर फेकल्या गेल्या. बऱ्याच मोडल्या, हरवल्या. संग्रहाला स्वतःची जागा नव्हती, स्वतःचा कायदेशीर मालक नव्हता. अभिरक्षक डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि त्यांच्यासोबतचे नागरिक यांनी त्यानंतर वर्गणीची हाक दिली ती म्हणूनच. संग्रह कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता शहराचा व्हावा, ही त्यामागची धडपड होती.

पुढे संग्रहालय महापालिकेकडे आलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात संग्रहालयाला जागा मिळणं ही मोठी सोय असते, कारण पगार महिन्याच्या महिन्याला होतात. पण त्याच अंदाजपत्रकात पाणी, गटारं, कचरा, रस्ते, दवाखाने असतात. संग्रहालयाचा नंबर शेवटी लागतो आणि ते साहजिकही आहे. शिवाय महापालिकेच्या नोकरभरतीत कनिष्ठ अभियंता असतो, आरोग्य निरीक्षक असतो; दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावरची बुरशी कशी काढायची हे जाणणारा माणूस त्या यादीत नसतो. 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय उघडल्यावर शहराचं लक्षही तिकडे वळलं. 1 नोव्हेंबर 1975 ला भायखळ्याच्या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. नाव बदललं तरी अवस्था बदलली नाही. 1990 च्या दशकात वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅकचं लक्ष गेलं तेव्हा वास्तू आणि वस्तू दोन्ही मोडकळीला आल्या होत्या.

मार्ग निघाला तो 2003 च्या फेब्रुवारीतल्या त्रिपक्षीय करारातून. मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन हे तीन पक्ष. महापालिकेने वास्तू आणि संग्रह यांची मालकी आपल्याकडेच ठेवली. जतनाचं ज्ञान इंटॅकने आणलं. बजाज फाउंडेशनने पैसा दिला. कारभारासाठी वेगळा विश्वस्त न्यास झाला. महापौर आणि महापालिका आयुक्त हे त्याचे सहअध्यक्ष, आणि रोजचं काम व्यवस्थापकीय विश्वस्तांकडे. इमारतीच्या जीर्णोद्धाराला 2005 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 2008 च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली.

या कराराचं मोल मला पुरस्काराहून जास्त वाटतं. सार्वजनिक मालमत्ता खाजगी हातात गेली अशी ओरड आपल्याकडे पटकन होते, आणि ती नेहमी खोटी नसते. म्हणून मालकी आणि कारभार वेगळे करणं महत्त्वाचं. उद्या न्यास विसर्जित झाला तरी एकही वस्तू कुणी घरी नेऊ शकत नाही, ती शहराचीच राहते. दुसरीकडे, अभिरक्षक नेमायचा, प्रदर्शन ठरवायचं, कंपनीकडे मदत मागायची, तर प्रत्येक वेळी स्थायी समितीच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. देणगीदारालाही भरवसा असतो की आपला पैसा सर्वसाधारण निधीत विरघळणार नाही.

अर्थात हा करार म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. नगरसेवकांमधून संग्रहालय पुन्हा ताब्यात घेण्याची मागणी वेळोवेळी झाली. विस्तारित इमारतीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेऊन 2014 मध्ये अमेरिकी वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला, आक्षेप आले, इमारत काही उभी राहिली नाही. महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपल्यावर पुढची काही वर्षं मुंबईला निवडून आलेला महापौरच नव्हता. दोन सहअध्यक्षांपैकी एकाची खुर्ची अशी रिकामी राहते तेव्हा लोकांच्या बाजूने प्रश्न विचारणारं माणूसच मंडळावर नसतं. आणि 2020 मध्ये टाळेबंदीत बंद झालेलं संग्रहालय दुरुस्तीमुळे पुढेही बंद राहून 2025 च्या जानेवारीत उघडलं. एवढ्या नामांकित संस्थेला देखभालीने जवळजवळ पाच वर्षं अडवलं.

आता पैशाचा हिशेब. इथे अनेक वर्षं भारतीय प्रौढाला दहा रुपये तिकीट होतं. शहराच्या संग्रहालयाचं तिकीट असंच असायला हवं, हमालाच्या मुलालाही परवडणारं. पण मग तिकिटावर संग्रहालय चालत नाही हेही मान्य करायला हवं. समजा एखाद्या लहान शहरातल्या संग्रहालयाला वर्षात पन्नास हजार माणसं आली. दहा रुपयांप्रमाणे पाच लाख जमा झाले. त्यात एक अभिरक्षक, एक जतनतज्ज्ञ, रात्रंदिवसाचे पहारेकरी, सफाई, वीज, वाळवीची फवारणी आणि विमा बसत नाही. समजा अगदी काटकसरीने वर्षाला साठ लाख लागतात. ठेवीवर सहा टक्के व्याज धरलं तर दहा कोटींचा कायम निधी हवा, ज्याच्या मुद्दलाला कधी हात लावायचा नाही. त्यातही महागाईसाठी व्याजाचा काही भाग मुद्दलात परत टाकला नाही तर दहा वर्षांनी तीच रक्कम अपुरी पडते. देणगी देणाऱ्याला दालनावर नाव हवं असतं. वाळवीच्या फवारणीला नाव देता येत नाही. म्हणून इमारतीच्या प्रत्येक देणगीतला ठरावीक हिस्सा कायम निधीत जाईल, ही अट पहिल्याच दिवशी घालणं भाग आहे.

महाराष्ट्रात असा न्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली येतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, स्थावर मालमत्ता विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी. कायदा चांगला आहे, दुखणं वापरात आहे. गावोगावच्या जुन्या संस्थांमध्ये विश्वस्त वारतात, त्यांच्या जागी दुसरे येतात, बदल अर्ज कुणी दाखल करत नाही किंवा दोन गट दोन अर्ज दाखल करतात. मग बँक सही मान्य करत नाही, खातं गोठतं आणि संस्था चालू असूनही तिला पैसा काढता येत नाही. ज्यांनी आयुष्यभराचा संग्रह दिला त्यांच्या वस्तू कुलपाआड बसून राहतात. हे मला फार जिव्हारी लागतं, कारण यात चोर कुणी नसतो, नुकसान मात्र चोरीइतकंच होतं.

एकट्या माणसाच्या संग्रहाचं काय होतं, याची उत्तरं आपल्या आसपास आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं, ‘अज्ञातवासी’ नावाने ते कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे असं सुमारे वीस हजार वस्तूंचं भांडार त्यांनी उभं केलं आणि 1975 मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलं. मराठवाड्यात तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी सातवाहनकाळाच्या वस्तू शेताशिवारातून वेचून जमवल्या, पैठणला बाळासाहेब पाटलांनी तसंच केलं. दोघांचेही संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयांत आहेत. या माणसांनी आपल्या हयातीतच पुढची सोय पाहिली, म्हणून वस्तू त्या त्या गावात टिकल्या. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाने, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने, तिसरी वाट धरली. 1909 च्या स्वतंत्र कायद्याने त्याला विश्वस्त मंडळ मिळालं, त्यामुळे सरकारं बदलली तरी संस्थेचं कायदेशीर अंग शाबूत राहिलं.

जालना जिल्ह्यापाशी सांगण्यासारखं किती आहे! भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर आहेत. 1970 च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी, शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या देखरेखीखाली, तिथे उत्खनन केलं. 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचं नातं सांगणारा शिल्पखंड त्यात मिळाला. जाफराबाद तालुक्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 ची लढाई झाली, जिचं नाव इंग्लंडच्या लष्करी इतिहासात आजही घेतलं जातं. 1679 च्या अखेरीस शिवाजी महाराजांची स्वारी जालन्यावर आली होती. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. मस्तगडाची गढी निजाम आसफजाहच्या काळातली. शिवाय गेल्या साठ वर्षांचा इतिहास आहेच: 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेली महिको, त्यातून वाढलेला बियाण्यांचा धंदा, आणि पोलादाच्या भट्ट्या. संकरित कापसाचं पहिलं पाकीट, बियाणं कंपन्यांची जुनी पत्रकं, पोलाद कामगाराचा हजेरीचा पितळी बिल्ला या वस्तू आज कुणाला जुन्या वाटत नाहीत, म्हणूनच त्या सगळ्यांत आधी रद्दीत जातील.

भोकरदनच्या वस्तू पाहायला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या इतिहास संग्रहालयात जावं लागतं. त्या तिथे नीट आहेत आणि परत मागण्याआधी त्या ठेवायची ताकद आपल्यात हवी. 2022 च्या ऑगस्टमध्ये जांब समर्थच्या देवळातून समर्थ घराण्याच्या पूजेतल्या मूर्ती चोरीला गेल्या, पुढे पोलिसांनी त्या शोधून आणल्या. अशा वेळी प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, वजन आणि खुणा लिहिलेली नोंद किती मोलाची ठरते हे वेगळं सांगायला नको. अशी दाखल नोंदवही करायला इमारत लागत नाही. एक शिकलेलं, पगारी माणूस लागतं आणि कपाटाची किल्ली कुणाकडे याचा लेखी नियम लागतो.

पैसा जालन्यात आहे. कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण एवढीच की हा खर्च वर्षाच्या हिशेबात दाखवायचा असल्यामुळे कंपन्यांना दिसणारं काम आवडतं. तेव्हा या पैशातून दालन, काचपेट्या, अग्निशमन, शाळांसाठी बस करावी; कायम निधी मात्र व्यक्तिगत देणग्यांतून, मृत्युपत्रांतून आणि महापालिकेच्या एकरकमी वाट्यातून उभा करावा. जालन्याला 2023 मध्ये महानगरपालिका झाली आहे. मुंबईसारखा करार करणारा पहिला पक्ष त्यामुळे आता इथे आहे.

तो करार झालाच तर त्यात काही कलमं मला पाहायची आहेत. संग्रहाची मालकी महापालिकेची आणि कुठलीही वस्तू विकता येणार नाही. विश्वस्तांची मुदत पाच वर्षं, दोनदाच. मंडळावर इतिहासाचा एक अभ्यासक, एक सनदी लेखापाल, जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक. देणगीदारांचे प्रतिनिधी तिघांहून जास्त नकोत. निवडून आलेली महापालिका नसेल तेव्हा महापौराच्या जागी कोण बसेल ते नावानिशी नाही तरी पदानिशी लिहिलेलं. लेखापरीक्षित जमाखर्च दरवर्षी सप्टेंबरअखेर मराठीत, संग्रहालयाच्या दारावर लावलेला. आणि तीन वर्षांच्या पगाराइतकी ठेव बँकेत पडेपर्यंत बांधकामाची निविदा काढायची नाही.