डब्यातलं पेट्रोल, पंखातली टाकी

उज्जैनहून देवासच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर दताना गाव आणि त्याची हवाई पट्टी येते. विमानतळ म्हणावा असा थाट तिथे नाही. गेल्या काही हिवाळ्यांत मात्र मध्य प्रदेश पर्यटनाच्या स्कायडायव्हिंग महोत्सवामुळे या पट्टीचं नाव झालं. छोटं विमान माणसांना दहा हजार फुटांवर नेतं, ती छत्री घेऊन उड्या टाकतात आणि विमान पुढच्या खेपेसाठी खाली येतं. अशा विमानाचं इंजिन आपल्या मोटारीच्या इंजिनाचंच भावंड असतं. तेच दट्टे, तोच स्पार्क प्लग आणि खाणंही पेट्रोलच. देवास रस्त्यावर पंपांचीही वाण नाही. मग एक बॅरल भरून टेम्पोत टाकावं, हातपंपाने पंखातल्या टाकीत सोडावं आणि उडावं, असं का करत नाहीत?

एके काळी जवळजवळ असंच करत. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानातून मुंबईला निघाले आणि वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे त्यांच्यासाठी बर्मा शेलचं पेट्रोल आलं ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, वजन साधारण तेरा किलो. एका माणसाने उचलावा, टाकीच्या तोंडाशी कलता करावा असा तो डबा. तिथून पुढे टपाल जुहूच्या मैदानात पोचलं आणि भारतीय नागरी विमान वाहतुकीची सुरुवात झाली. या आरंभाचं श्रेय वाटताना त्या बैलजोडीला कुणी फारसं विचारत नाही.

पस मॉथच्या 120 अश्वशक्तीच्या इंजिनाची भूक साधी होती, कारण त्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण फार दाबलं जात नसे. मिश्रण जास्त दाबलं तर ताकद जास्त मिळते, पण हलकं पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकतं आणि इंजिन खडखडतं. हा आगाऊपणा रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. मोटार खडखडली तर आपण पाय सैल करतो, गिअर बदलतो. विमानाचं इंजिन मात्र तासन्‌तास तीन चतुर्थांश ताकदीवर चालतं, बहुतेकदा नुसत्या वाऱ्याने थंड होतं, आणि पंख्याच्या घरघरीत ती खडखड वैमानिकाला ऐकूच येत नाही. कळतं तेव्हा दट्ट्याला भोक पडलेलं असतं.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं. आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पुढे अनेक वैमानिक त्यावर शिकले. त्याचं 90 अश्वशक्तीचं इंजिन 80 ऑक्टेनवर खूश असे. पुढे जगभर 80 ऑक्टेनचं विमानी पेट्रोल दुर्मिळ झालं आणि उरलं ते ‘एव्हगॅस 100 एलएल’. त्याचा रंग निळा, आणि त्यात लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं. ‘एलएल’ म्हणजे कमी शिशाचं. आपण मोटारीच्या पेट्रोलमधून 2000 साली शिसं हद्दपार केलं, विमानांत ते अजून टिकून आहे. प्रशिक्षण संस्थांच्या लाडक्या सेस्ना 152चं इंजिन याच शंभरीसाठी बांधलेलं आहे. त्यात पंपावरचं पेट्रोल ओतणं म्हणजे इंजिनाशी वैर घेणं.

सगळी विमानं मात्र अशी नखरेल नाहीत. अमेरिकेत 1982 साली जुन्या सेस्ना 150ला मोटारीचं पेट्रोल वापरायची रीतसर मुभा मिळाली, तिचं इंजिन 80 ऑक्टेनचं होतं म्हणून. मायक्रोलाइट विमानांत दिसणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाला तर मोटारीचं पेट्रोलच अधिक मानवतं. शिशाचा थर त्याच्या तेलात आणि प्लगवर साचतो, म्हणून एव्हगॅसवर चालवलं तर तेल लवकर बदलावं लागतं. मग अशा विमानासाठी उज्जैनच्या पंपावरून डबा भरून आणायला काय हरकत आहे?

हरकत इथेनॉलची. 2025 पासून देशभर पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई-20, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. रोटॅक्सची परवानगी दहा टक्क्यांपर्यंत आहे आणि सेस्ना 150ची ती अमेरिकी मुभा इथेनॉल असलेल्या पेट्रोलला लागू नाही. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या भागाने कमी, म्हणून टाकी तेवढीच असली तरी पल्ला घटतो. खरी अडचण मात्र पाण्याची आहे.

पेट्रोल आणि पाणी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं. उडण्याआधी वैमानिक टाकीच्या तळाची छोटी झडप दाबून काचेच्या पेल्यात थोडं इंधन काढतो, त्याला ‘ड्रेन घेणं’ म्हणतात. पेल्याच्या तळाशी बुडबुड्यासारखं पाणी दिसलं की ते फेकायचं आणि पुन्हा घ्यायचं. पूर्वी डब्यातून भरताना गाळणीत मऊ कातडं ताणून बसवत. एकदा पेट्रोलने भिजलं की ते पेट्रोल सोडी आणि पाणी अडवी. इथेनॉल मात्र दोघांचाही मित्र. हवेतलं बाष्प ओढून ते पेट्रोलमध्ये विरघळवून टाकतं आणि विरघळलेलं पाणी पेल्यातही दिसत नाही, कातड्यालाही जुमानत नाही. मग विमान वर जातं, इंधन थंड होतं, थंड इंधनाला तेवढं पाणी धरून ठेवता येत नाही, आणि पाणी व इथेनॉल जोडीने वेगळे होऊन तळाशी उतरतात. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाजवळच असते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे ओळखायची युक्ती जुनी आहे. खुणा केलेल्या काचेच्या नळीत थोडं पाणी आणि त्याच्या कैक पट पेट्रोल घालायचं, हलवून ठेवून द्यायचं. पाण्याचा थर होता तेवढाच राहिला तर पेट्रोल शुद्ध. ई-20मध्ये तो दुपटीहून जास्त फुगतो, कारण सगळं इथेनॉल पाण्याकडे धावतं. (वाचकांनी हा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये.)

आता माळव्यातला मे महिना आठवा. पेट्रोल हे एक द्रव नसून अनेक द्रवांची खिचडी आहे आणि त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. एव्हगॅसचा बाष्पदाब 38 अंशांना 49 किलोपास्कलच्या वर जाऊ नये असा नियम आहे. मोटारीच्या पेट्रोलचा 60च्या आसपास असतो. दहा हजार फुटांवर हवेचाच दाब 70च्या घरात येतो. इंजिनाजवळ तापलेल्या नळीत पंपाने थोडं ओढलं की पेट्रोल नळीतच उकळतं, बुडबुडे अडकतात आणि इंधन तुटतं. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. पंख डोक्यावर असलेल्या सेस्नात पेट्रोल वजनानेच खाली येतं, म्हणून तिला हा त्रास कमी. पंख खाली असलेल्या विमानात ते पंपाने वर ओढावं लागतं. उन्हात तापलेल्या बॅरलवर हातपंप मारणाऱ्याला हेच भौतिकशास्त्र जमिनीवर भेटतं. दांडा फिरतो आणि पेट्रोलऐवजी वाफ येते.

आणि तरीही, मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचा प्रवास हवेतला नाही. तो डब्यापासून टाकीपर्यंतच्या दोन हातांचा आहे. पेट्रोल विजेचं वाईट वाहक. नळीतून, गाळणीतून वाहताना ते स्थिर विद्युतभार गोळा करतं आणि तो लवकर सोडत नाही. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. नायलॉनचं जाकीट काढताना बोटाला बसणारा चटका याच्या कितीतरी पट असतो. हवेत वाफ दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीत ती बहुधा याहून दाट असते, म्हणून टाकी तशी निवांत. धोका असतो टाकीच्या तोंडाशी, जिथे वाफ आणि हवा मिसळतात, आणि नेमकं तिथेच आपण डब्याचं तोंड नेतो. कोरड्या हवेत भार जास्त टिकतो, आणि उन्हाळ्यात माळव्याची हवा कोरडी ठणठणीत.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी विमान जमिनीशी तारेने जोडायचं, मग डबा किंवा बॅरल विमानाशी, आणि त्यानंतरच टाकीचं झाकण उघडायचं. आवरताना उलट क्रम, तार सगळ्यात शेवटी सुटते. प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला तार जोडून उपयोग नसतो, कारण भार प्लॅस्टिकवरून वाहतच नाही. नरसाळं धातूचंच हवं आणि ते टाकीच्या कडेला टेकलेलं हवं. डबाही काठोकाठ भरायचा नसतो. वीस लिटर पेट्रोल पंचवीस अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर फुगतं.

कायद्याचंही माप आहे. 1934च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता, नेता येतं, तेही घट्ट झाकणाच्या, धातूच्या आणि पंचवीस लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या डब्यात. त्यापुढे परवाना लागतो. या साऱ्यावर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तीस लिटरमध्ये सेस्ना 152 जेमतेम सव्वा-दीड तास उडते.

विमानी पेट्रोल आपण वर्षानुवर्षं परदेशातून आणत होतो. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेलं देशी एव्हगॅस बाजारात आणलं. पुढच्याच जानेवारीत त्याची पहिली निर्यात न्हावा शेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला झाली. त्या मालाची मोजदाद ऐंशी बॅरल, म्हणजे सोळा हजार लिटर.