शिक्षकांना कायदा कोण शिकवणार?

पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. देशभरातील शिक्षक संघटनांनी विरोध केला, पुनर्विलोकनाची भाषा झाली. या साऱ्या गदारोळात एक विसंगती मात्र कोणी फारशी बोलून दाखवली नाही. ही परीक्षा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ मधून आली. तिच्या केंद्रीय स्वरूपातील पहिल्या प्रश्नपत्रिकेत दीडशे प्रश्न असतात. ते बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांचे. ज्या कायद्यामुळे ही परीक्षा द्यावी लागते, त्या कायद्यासाठी तीत स्वतंत्र विभाग नाही.

उत्तरेकडील राज्यांत प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांना मी अनेक वर्षे जात आलो आहे. कायद्यातले काय ठाऊक आहे, असे विचारले की दोन उत्तरे हमखास येतात: मुलांना नापास करायचे नाही आणि मारायचे नाही. दोन्ही निषेध आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. मूळ कायद्यातील कलम १६ एकटे नव्हते. कलम २४ ने प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पारखून गरज असेल तिथे जादा अध्यापन करण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले होते आणि कलम २९ ने सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितले होते. शाळेपर्यंत पोहोचला तो फक्त निषेध. कर्तव्य वाटेतच गळाले. मग ‘ढकलगाडी’ म्हणून कायद्यालाच नावे ठेवणे सोपे झाले.

२०१९ च्या दुरुस्तीबाबतही तेच. ‘आता नापास करता येते’ एवढेच ऐकलेले शिक्षक मला वारंवार भेटतात. पाचवी आणि आठवीपुरतीच ही मुभा आहे, ती द्यायची की नाही हे सरकारने ठरवायचे आहे, आधी जादा अध्यापन आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची आहे, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हा तपशील क्वचितच कोणी सांगतो. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी नियम बदलले. तमिळनाडूने मात्र आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण कायम ठेवले. म्हणजे एकाच कायद्याखाली दोन शेजारी शाळांचे नियम वेगळे असू शकतात. शिक्षकाने हे जाणायचे कुठून?

अज्ञानाची खरी किंमत मोजतात ती स्थलांतरितांची मुले. वीटभट्टीवर आलेले कुटुंब नोव्हेंबरात शाळेच्या दारात उभे राहते, तेव्हा मुख्याध्यापक जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला मागतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. दाखल्याला उशीर हेही कारण चालत नाही, असे कलम ५ सांगते. आणि कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. पण संगणकावरच्या नोंदणीत आधारचा रकाना असतो, आणि शिक्षकाला कलमापेक्षा त्या रकान्याची धास्ती अधिक. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे चित्र वेगळे नाही.

याहून गंभीर बाब पॉक्सोची आहे. वर्गातील मुलीने काही सांगितले, तर ‘मुख्याध्यापकांच्या कानावर घातले की आपली जबाबदारी संपली’ असे बहुतेक शिक्षक मानतात. कायदा तसे मानत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवायची आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू राखण्यासाठी गप्प बसणारा शिक्षक स्वतःच गुन्हेगार ठरतो, हे ऐकल्यावर सभागृहात पसरणारी शांतता मी अनेकदा अनुभवली आहे.

अर्थात सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचतो तो व्हॉट्सॲपवर आलेल्या शेवटच्या परिपत्रकाच्या रूपात. शिवाय ज्ञान असून उपयोग होतोच असे नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामे देऊ नयेत, हे कलम २७ शिक्षकांना तोंडपाठ असते. निवडणुकीचे कामही सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले होते. तरीही मतदारयाद्यांच्या कामासाठी शाळेच्या दिवसांत शिक्षक घरोघर फिरताना दिसतात. बदलीची भीती असलेला शिक्षक अधिकाऱ्याला कलम दाखवणार कसा?

म्हणून नुसते व्याख्यान पुरेसे नाही. समूह साधन केंद्रांच्या मासिक बैठकांत आकडेवारीचे तक्ते भरण्याऐवजी एखादे कलम आणि आपल्याच शाळेतले एखादे प्रकरण चर्चेला घेता येईल. कायदा चाळीसहून कमी कलमांचा आहे. त्या बैठकीला गटशिक्षणाधिकारीही बसायला हवेत, कारण प्रवेश नाकारणारा तोंडी आदेश बहुधा त्यांच्याच कार्यालयातून येतो. आणि पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात मुलांच्या हक्कांवरचे दहा-पंधरा प्रश्न घालायला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला संसदेत जावे लागणार नाही. लाखो शिक्षक २०२७ पर्यंत ही परीक्षा देणारच आहेत.