फेल्ट डकवायचं नसतं, टांगायचं असतं

“फेल्टच तर आहे, त्याला वजन ते काय! मागे गोंद थापा आणि लावा भिंतीला.” हाताने केलेलं फेल्टचं चित्र घरी आलं की हा सल्ला ठरलेला. देणाऱ्यांत शेजारी असतात, घर सजवून देणारे असतात, आणि वाईट याचं वाटतं की फेल्टचे वर्ग घेणारेही असतात. ग्लू गन स्वस्त झाल्यापासून तर बोलायची सोयच उरली नाही. चार रात्री जागून लोकर भिजवायची, साबण लावून मळायची, गुंडाळून लाटायची, आणि शेवटी पाठीवर गरम प्लॅस्टिक ओतायचं!

आधी वजनाचं बघू. तळहाताएवढं फूल हलकं असतं, हे खरं. पण पाच-सहा मिलिमीटर जाडीचं लोकरी फेल्ट चौरस मीटरला साधारण किलोभर भरतं, आणि दाट मळलेलं असेल तर त्याहून जास्त. त्यात लोकर हवेतलं बाष्प ओढते. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बाष्प पोटात घेऊनही ती हाताला कोरडीच लागते. म्हणजे जुलैत मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या भिंतीवर लटकणारं फेल्ट मे महिन्यातल्यापेक्षा जड असतं. गोंदाला हे भारीच पडतं.

दुसरं म्हणजे, हे कापड नव्हे. कापडात ताणा असतो, बाणा असतो. ओझं सुताच्या दिशेने वाटलं जातं. फेल्टमध्ये सूतच नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि दाब मिळाला की तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. काश्मीरचा, कच्छचा किंवा टोंकचा नमदा याच गुंतागुंतीवर उभा आहे. गोंद या गुंत्यात खोल जात नाही, वरचे मोकळे तंतू तेवढे धरतो. मग चित्राचा सगळा भार त्या केसांवर येतो. काही आठवड्यांत वरचा कोपरा सुटतो, मागे भिंतीवर लोकरीची लव उरते. आणि गोंद खरंच पक्का निघाला, तर डिस्टेंपरचा पोपडा घेऊन चित्र खाली येतं. रंगाची भिंतीवरची पकड अनेकदा गोंदाच्या पकडीपेक्षा कच्ची असते, हे लक्षात कोण घेतो?

“मग प्लायवूडवर चिकटवू,” असं लगेच सुचवलं जातं. त्याने भिंत वाचते, फेल्ट नाही. पावसाळ्यात लोकर फुगते, उन्हाळ्यात आवळते. प्लायवूडचं फुगणं-आवळणं वेगळ्या मापाचं. चिकटवलेल्या जागा हलू शकत नाहीत, मधल्या हलतात, आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. पातळ फेल्ट असेल तर पांढरा गोंद पुढे झिरपून कडक डाग पाडतो. शिवाय एकदा चिकटवलेलं चित्र ना धुता येतं, ना मागे कसर लागली का ते बघता येतं. जुनी वस्त्रं जपणारी संग्रहालयं केलेलं काम उलटवता यावं, हा नियम पाळतात. टाका उसवता येतो, गोंद उसवता येत नाही.

तर टांगायचं कसं? सुई-दोऱ्याने, आणि भार पूर्ण रुंदीभर वाटून. दोन कोपऱ्यांत दोन खिळे ठोकले की मधला भाग झोळीसारखा उतरतो आणि कोपऱ्यांना कान फुटतात. ते नंतर इस्त्रीनेही बसत नाहीत.

लहान चित्रासाठी लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून घ्यावा आणि फेल्ट त्यावर शिवावं. टाके कडेलाच नकोत, मधेही अधूनमधून हवेत. दोरा फेल्टच्या रंगाचा घेतला की टाका लोकरीत बुडतो, शोधूनही सापडत नाही. मध्यम आकाराला मागच्या बाजूने मांजरपाटाचा नेफा शिवावा आणि त्यात दांडी घालावी. नेफा मात्र सैल ठेवायचा. घट्ट शिवला तर दांडीचा उंचवटा पुढून दिसतो.

मोठ्या कामाला मी व्हेल्क्रोच सांगते. हे ऐकून लोक नाक मुरडतात: बुटाला लावतात ते? हो, तेच. वस्त्रं भिंतीवर टांगण्यासाठी संग्रहालयं ही पद्धत वापरतात, आणि कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेने तिच्यावर स्वतंत्र टिपण काढलेलं आहे. व्हेल्क्रोची मऊ बाजू रुंद सुती पट्टीवर मशीनने शिवायची, आणि ती पट्टी चित्राच्या वरच्या कडेला मागून हाताने शिवायची. आकड्यांची खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करायची आणि लाकडी पट्टी भिंतीत प्लग घालून स्क्रूने बसवायची. बाजूंची अदलाबदल करू नका. आकडे फेल्टच्या बाजूला आले तर चित्र गुंडाळताना तेच लोकर ओरबाडतील. या पद्धतीचा खरा फायदा वेगळाच आहे. हाताने केलेल्या फेल्टची वरची कड कधीच सरळ नसते. व्हेल्क्रो असेल तर चित्र टांगल्यावर जिथे झोळ दिसेल तिथे सोडवून, किंचित वर घेऊन पुन्हा दाबता येतं.

लाकूड कच्चं नको. त्यातून आम्लं सुटतात आणि दमट हवेत सागाचा तेलकट डागही उतरतो. पाण्यावर आधारलेल्या वॉर्निशचे दोन हात, पूर्ण वाळवण, आणि मग मधे सुती कापड.

आता बाकीचे गैरसमज. “फेल्ट जमिनीवरची चीज, भिंतीवर टिकत नाही.” १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांनी सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथली पाचवी समाधी उकरली. तिथल्या बर्फात साधारण साडेचार बाय साडेसहा मीटरचं, जमिनीवर अंथरायचं नव्हे तर टांगायचं मानलं जाणारं फेल्ट मिळालं. त्यावर आसनस्थ देवी आणि घोडेस्वार आहेत, तेही कापून शिवलेले. ते आज हर्मिटाज संग्रहालयात आहे, आणि त्याचं वय सुमारे २,४०० वर्षं.

“काचेच्या फ्रेममध्ये घातलं की सुरक्षित.” काच लोकरीला टेकलेली असेल तर उलट. दमट हवेत काचेच्या आतून दव धरतं, लोकर ते शोषते आणि बुरशी येते. काच हवीच असेल तर फ्रेमवाल्याकडून आत कडेने पट्टी टाकून घ्या, म्हणजे काच आणि लोकर यांत अंतर राहील.

“थेट ऊन नको, बाकी उजेड चालतो.” चालत नाही, प्रकाशाचं नुकसान साठत जातं, म्हणून वस्त्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सवर थांबतात. आणि कोणता रंग किती टिकतो हे मोजायच्या प्रमाणित पट्ट्याही निळ्या लोकरीच्याच असतात.

“मागे डांबरगोळी बांधली की कसर येत नाही.” उघड्या भिंतीवर तिची वाफ उडून जाते, आणि श्वासात जाते ती आपल्या. खाणारी अळी असते, उडणारा पतंग नव्हे, आणि तिला चित्राची अंधारी, न झाडलेली पाठ आवडते. महिन्याकाठी चित्र उतरवून पाठ मऊ ब्रशने झाडा. अळी दिसलीच तर चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट लोकरीवर बसेल.

“फेल्ट म्हणजे लोकरच.” दुकानातले रंगीबेरंगी कागदी जाडीचे तुकडे बहुतेक पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे असतात. कडेचा एक तंतू जाळून बघा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. कृत्रिम असेल तर कसरीची चिंता नाही, आणि ग्लू गन चालवायची हौस तिथे खुशाल भागवा.

बाहेरून पाऊस झोडपतो ती भिंत मात्र कोणत्याच पद्धतीला नको. दुसरी जागाच नसेल तर लाकडी पट्टीमागे बोटभर जाडीचे ठोकळे देऊन चित्र भिंतीपासून सुटं ठेवा, आणि ओल चढू लागली की पावसाळाभर ते उतरवून, चित्राची बाजू बाहेर ठेवून, सुती चादरीत गुंडाळून ठेवा.