कवडी आली, फूल नाही

कासची फुलं, कासची गर्दी, कासच्या घाटातली कोंडी. दर सप्टेंबरला या बातम्या आपण तुळजापुरात बसून वाचतो, तोवर इथे नवरात्राची लगबग सुरू झालेली असते. आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा. बालाघाटाच्या डोंगरात समुद्र कुठला? तरी समुद्रातली वस्तू देवीची खूण होऊन बसली. कवडी कुठेही जाऊ शकते, तिच्यातला जीव केव्हाच गेलेला असतो. फुलाचं तसं नाही.

कासची गर्दी ओसरली की थंडीत सह्याद्रीवर देवनळ फुलतो. माणसाहून उंच पोकळ दांडा, तंबाखूसारखी पानं, वर पांढऱ्या फुलांचा तुरा, शिवाय विषारी. त्याचे फोटो काढायला फारसं कुणी जात नाही. हा लोबेलिया, घंटाफुलांच्या कुळातला. त्याचाच एक भाऊबंद हवाईतल्या कवाई बेटाच्या समुद्रकड्यांवर राहायचा: ब्रिगॅमिया इन्सिग्निस, तिथल्या बोलीत 'आलुला'. फुगीर खोडावर कोबीचा गड्डा ठेवावा असं रूप. फूल मात्र देखणं, फिकट पिवळं, सुवासिक, नळी बोटाहून लांब. तळाशी पोचायला तेवढीच लांब सोंड हवी, म्हणजे मोठा निशाचर पतंगच. तो पतंग बहुधा नाहीसा झाला, आणि फुलांना बी धरेना.

मग स्टीव्ह पर्लमन आणि केन वुड हे वनस्पतिशास्त्रज्ञ दोराला लटकून कड्यावरून खाली उतरू लागले. हातात कुंचला. या फुलाचे पराग त्या फुलाला. समुद्रावरचा वारा, खाली खडक, आणि माणूस पतंगाचं काम करतोय! मला तरी या सगळ्या हकिकतीत फुलापेक्षा हा दोरच जास्त आठवतो.

पण दोर कुठवर पुरणार? गलबतांतून आलेल्या शेळ्या रानात मोकाट सुटल्या होत्या. शेळी झाडाचं काय करते हे उस्मानाबादी शेळीच्या मुलखात सांगायला नको. १९९२ साली इनिकी चक्रीवादळाने कडे झोडपले. २०१४ मध्ये रानात एकच झाड उरल्याची नोंद आहे.

गंमत म्हणजे हेच झाड युरोपातल्या रोपवाटिकांत कुंडीत विकत मिळतं. म्हणून ते वाचलं, असं म्हणणारे आहेत. मला पटत नाही. कुंडीतल्या आलुलाला फुलं येतात, वासही येतो. खिडकी मात्र बंद असते, आणि उघडी ठेवली तरी यायला पतंग आहे कुठे?