सागाचं मोल गाभ्यात

सागवान मजबूत म्हणून महाग, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. नुसता भार पेलायचा असेल तर आपल्याच जंगलातला ऐन सागाहून जड आणि कठीण आहे. सागाचं खरं मोल त्याच्या न हलण्यात आहे. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतो. अमेरिकेतला पांढरा ओक १०.५ आणि ५.६ टक्के. कोकणच्या पावसाळ्यात दार चौकटीत अडकणार की नाही, ते याच फरकावर ठरतं. शिवाय गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे पाणी सहजी मुरत नाही, आणि त्यांतलं टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज १८१७मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग गेला.

सुतार यावर दोन तक्रारी करतील, आणि दोन्ही रास्त आहेत. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती रंध्याच्या पात्याची धार लवकर घालवते. आणि तेलामुळे सरस नीट धरत नाही. पण धार पुन्हा लावता येते, आणि सांधा ताजा रंधून लगेच चिकटवला तर पकडही चांगली बसते.

लागवडीच्या सागाबद्दलचा आक्षेप मात्र वेगळ्या कारणाने गंभीर आहे. असा साग कमजोर असतो, असं म्हणतात. साग हे वलयरंध्री लाकूड, म्हणजे त्याची मोठी रंध्रं दर वलयाच्या सुरुवातीला एका पट्ट्यात असतात; म्हणून झाड झपाट्याने वाढलं म्हणून ते आपोआप ठिसूळ होत नाही. केरळात निलंबूरला १८४०च्या दशकापासून साग लावला जातो आहे, आणि तिथल्या जुन्या झाडांचं लाकूड नावाजलेलं आहे. उणीव लागवडीची नसून वयाची आहे. पंधरा-वीस वर्षांच्या खोडात गाभा थोडा, बाहेरचा पांढरा थर जास्त, आणि त्या कोवळ्या गाभ्यातही संरक्षक द्रव्यं कमीच. त्या पांढऱ्या थरात वाळवीला अडवणारं काही नसतं. तरीही घनफुटाच्या हिशेबात तो गाभ्याच्याच भावाने मोजला जातो. तो काढून टाकणाऱ्या सुताराच्या हाती कमी माल उरतो, ठेवणाऱ्याचं काम पॉलिश झाकतं. याची मला काळजी वाटते, कारण गिऱ्हाईक सागाच्या नावाला पैसे मोजतं आणि त्याला जे हवं असतं ते गाभ्यात असतं. फळीचं कापलेलं टोक पॉलिशआधी पाहिलं, तर पांढरं किती आणि सोनेरी-तपकिरी किती हे कुणालाही दिसतं. भाव तिथेच ठरायला हवा.