सोनटक्का : अंगणातला आणि रानातला

शाहूपुरीतील आमच्या वसतिगृहामागे, न्हाणीघराचे पाणी जेथे वाहते, तेथे सोनटक्क्याचा वाफा आहे. पावसाळ्यात सायंवंदनेच्या वेळी त्याच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध सभागृहापर्यंत येई, हे माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या एका विद्यार्थिनीने गतवर्षी त्याचा गड्डा मागविला. आम्ही नकार दिला. त्यामागील कारण सर्वांच्या उपयोगाचे असल्याने येथे मांडीत आहोत.

सोनटक्का आले-हळदीच्या कुळातला. मूळचा पूर्व हिमालय व त्यालगतच्या आशियाई प्रदेशातला. त्याच्या गड्ड्याचा तुटका तुकडाही नवे रोप धरतो. बागेत हा गुण ठरतो, रानात तोच धोका होतो. पिवळी फुले आणि लांब तांबडे केसर असलेला त्याचा हिमालयीन भाऊबंद, कहिली जिंजर, शोभेसाठी देशोदेशी नेला गेला. न्यूझीलंड, हवाई व अझोर्स बेटांवरील रानांत त्याच्या गड्ड्यांचा जाड थर पसरला. त्याखाली स्थानिक वृक्षांची रोपे रुजेनाशी झाली. त्याच्या लाल बिया पक्षी दूरवर नेतात. जगातील 100 अतिउपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपला पांढरा सोनटक्का क्युबाचे राष्ट्रीय फूल आहे. मात्र ब्राझील व दक्षिण आफ्रिकेत त्यानेही पाणथळ जागा व्यापल्या आहेत.

मग दोष वनस्पतीचा काय? मायभूमीत कीड, रोग आणि शेजारची झाडे तिच्या वाढीला आवर घालतात. परक्या भूमीत तो आवर बहुधा सुटतो. मिरची, बटाटा व पेरूही समुद्रापलीकडून आले, पण त्यांनी आपली राने गिळली नाहीत. म्हणून वनस्पतीची पारख जन्मस्थानावरून न करता, ती इतरांना जगू देते की नाही, यावरून करावी.

याचा धडा कोल्हापुरातच आहे. जांभळ्या फुलांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणली गेली. सांडपाण्यावर पोसून ती पंचगंगेत व रंकाळ्यात पसरते. पाण्यावर तिची चादर पडली की खालचा प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. आपल्या डोंगरउतारांवर माजलेली घाणेरीही एकेकाळी बागेचीच शोभा होती.

म्हणून वाफा विरळ करताना उरलेले गड्डे ओढ्यात वा नाल्यात टाकू नयेत. बारीक चिरून फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. राधानगरी, गगनबावडा, आंबोली येथील बारमाही ओलीच्या रानांत तर ते मुळीच नेऊ नयेत.

त्या विद्यार्थिनीस आम्ही फुललेल्या वाफ्याचे छायाचित्र पाठविले. सुगंधासाठी मात्र तिला पावसाळ्यात शाळेतच यावे लागेल.